घोड्यांच्या झुली-ब्लँकेटांची दुरुस्ती: जोडधंदा म्हणून कितपत परवडते?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी शिरपूर तालुक्यातला. आयटीआयत शिवणकाम शिकलो, घरी आईचं पायमशीन आहे. मामांकडे वरातीच्या दोन घोड्या आहेत. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्यांच्या अंगावर फाटकी, मळकी ब्लँकेटं पाहिली आणि वाटलं, ती धुऊन-शिवून द्यायचा धंदा केला तर? भांडवल किती लागेल, दर काय लावायचा, वर्षभर काम मिळेल का?"

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. वर्षभर काम मिळणार नाही. दोंडाईच्यात माझं ताडपत्री-कॅनव्हास शिवायचं दुकान आहे, 19 वर्षं झाली. त्यातली मागची 11 वर्षं मी घोड्यांचंही काम घेतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, त्याच्या आधीचा दीड महिना मान वर करायला सवड नसते. मग लग्नसराईत आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, अधूनमधून काही येतं. पुढे पोळ्यापर्यंत घोड्याचं नावच नाही. त्या दिवसांत ट्रॅक्टरचे हूड, कांद्याच्या चाळीचे पडदे, पावसाळी ताडपत्र्या आणि पोळ्याच्या तोंडावर बैलांच्या झुली यांवर दुकान चालतं. घोड्यांचं काम जोड म्हणून चांगले पैसे देतं. एकट्या त्यावर घर चालवायला निघालात तर आषाढात मशीनवर धूळ बसेल.

आता काम काय येतं ते बघा. लोक सगळ्यालाच झूल म्हणतात, पण दुकानात तीन वेगळ्या वस्तू येतात. एक, वरातीची झूल. मखमल, जर, टिकल्या, आरसे आणि हल्ली त्यात लाइटच्या माळा. दुसरी, घोंगडीची किंवा पिंजाऱ्याकडून कापूस भरून घेतलेली घरगुती झूल. तिसरं, तयार ब्लँकेट: वर पाणी न शिरणारं पॉलिस्टर किंवा नायलॉन, मध्ये कृत्रिम कापूस, आत गुळगुळीत अस्तर, छातीशी बक्कल, पोटाखालून फुलीसारखे जाणारे दोन पट्टे आणि मागे मांडीचे पट्टे. मारवाडी-काठियावाडी घोडी पाळणारे शौकीन हे तिसरं वापरतात आणि पैसे मोजणारं गिऱ्हाईकही तेच. वरातवाल्यांचं काम जास्त, पण तिथे उधारी फार.

धंद्याचं पहिलं कलम: न धुतलेल्या ब्लँकेटला सुई लावायची नाही. मी पहिली दोन वर्षं लावली. गिऱ्हाईक म्हणायचं, "झूल चांगली शे ना भाऊ, नुसता टाका मारी दे." मारायचो. घामाचं मीठ, केस, लिदीचा भुसा मशीनच्या दात्यांत आणि शटलमध्ये जाऊन बसायचा. आठवड्यातून दोनदा मशीन उघडायचो आणि त्या दिवसाची मजुरी जायची. शिवाय कापड मळलेलं असलं की ते कुठे विरलंय हे दिसतच नाही. चांगलं समजून तुम्ही पट्टा शिवता, आणि आठ दिवसांत पट्टा शाबूत राहून कापड फाटतं. नाव मात्र तुमचं खराब होतं.

त्यात एक गोष्ट आरोग्याची आहे, ती गंमत समजू नका. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतात. मळक्या ब्लँकेटमधून दाभण हातात घुसलं तर काय आत गेलं ते कळत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असू द्या. दुसरं, गजकर्ण. घोड्याच्या अंगावर गोल गोल केस गेलेले चट्टे असतात, ती बुरशी ब्लँकेटातून, खराऱ्यातून, खोगिराखालच्या नमद्यातून एका घोड्याचं दुसऱ्याला लागते आणि माणसालाही लागते. माझ्या उजव्या कोपरावर उठलं होतं, दीड महिना मलम लावलं. तेव्हापासून ब्लँकेट हातात घ्यायच्या आधी विचारतो, "घोडीच्या अंगावर काही उठलंय का?" हो म्हणाले तर ते पोतं वेगळं, धुणं वेगळं आणि तेही दोनदा, हातमोजे घालून. औषध कोणतं टाकायचं ते पशुवैद्यकाला विचारून ठरवा. ब्लीचिंग सगळ्याला चालत नाही: लोकर त्यात विरघळते आणि नायलॉनचा दम जातो.

आणि ग्लँडर्सचा संशय असलेल्या घोड्याची कोणतीच वस्तू दुकानात घेऊ नका, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. नाकातून घट्ट चिकट शेंबूड, अंगावर गाठी, त्या फुटून जखमा, अशी त्याची लक्षणं. हा रोग माणसाला होतो आणि जीवघेणा आहे. 2009 च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली त्याची खबर सरकारी दवाखान्याला द्यावीच लागते. तिथे ब्लँकेट धुऊन वाचवायचा प्रश्नच नसतो.

धुण्याचं सांगतो, कारण खरी कमाई तिथेच आहे आणि तिथेच लोक चुकतात. घरच्या वॉशिंग मशीनमध्ये हे घालायचा विचारही करू नका. केसांनी पाण्याची नळी तुंबते, आणि भिजलेलं कापूस भरलेलं ब्लँकेट एवढं जड होतं की ड्रमचे बेअरिंग जातात. सिमेंटचा उथळ हौद पुरतो. आधी कोरडंच बांबूवर टाकून काठीने झोडा, मग कडक ब्रशने केस काढा. हे बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून आणि तोंडाला रुमाल बांधून. मग थंड पाण्यात तासभर भिजत घाला. साबण सौम्य, पातळ आणि कमी. पावडर जास्त झाली की ती कापडात अडकून राहते आणि घोड्याला खाज सुटते. आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड, त्यात फेस येत नाही म्हणून हात सैल सुटतो, पण फेस बघून साबण टाकायचा नाही. घोंगडीला रिठ्याचं पाणी उत्तम. लोकर गरम पाण्यात घालून चोळलीत तर आटून घट्ट होते आणि मग त्या मापाचं शिंगरू शोधावं लागतं.

कपडे मऊ करणारं सुगंधी औषध टाकू नका. त्याचा थर बसून पाणी अडवायची ताकद कमी होते. पिळायचं तर अजिबात नाही. दोन बांबूंवर पसरून पाणी निथळू द्यायचं. आपल्याकडे ऊन फुकट आहे म्हणून लोक भर उन्हात टाकतात, पण नायलॉन आणि आतला रबरासारखा थर उन्हानेच मरतो. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. खानदेशात तेवढं पुरतं.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. एका वर्षी दुकानामागे जागा नव्हती म्हणून ओळखीच्याच्या मिरची वाळवायच्या पथारीशेजारी दोरी बांधून पाच ब्लँकेटं वाळत घातली. वारा फिरला. नंदुरबार-दोंडाईच्याच्या माणसाला मिरचीची धूळ काय असते ते सांगायला नको. संध्याकाळी घडी करताना मला शिंका आल्या तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. दुसऱ्या दिवशी एका मालकाचा फोन आला की घोडी खांब घासून घासून हैराण आहे. पाचही परत आणली, तीन पाण्यांतून काढली, पैसे घेतले नाहीत.

आता शिवण. आईच्या मशीनवर अस्तर आणि किनारी निघतील, पट्टे निघणार नाहीत. पट्टा जिथे बसतो तिथे कापडाचे दोन थर, कापूस, अस्तर आणि वर नवारीची पट्टी, एवढं सगळं एका सुईखाली येतं. त्याला अंब्रेला मशीन लागतं, जे जीन्स, रेक्झिन, बॅगा शिवायला वापरतात. जुनं चांगलं मिळालं तर घ्या. सुई 18 नंबरची अंगाला, 21 ची पट्ट्यांना. दोरा पॉलिस्टरचा जाड. सुती दोरा घामाने कुजतो, आणि नायलॉनचा ताकदवान असला तरी उन्हात पॉलिस्टरइतका टिकत नाही. टाका 4 मिलिमीटरच्या आसपास ठेवा. नवीन माणूस मजबुतीसाठी बारीक टाका घालतो. कापडाला जवळ जवळ भोकं पाडली की ते पोस्टाच्या तिकिटासारखं त्याच रेषेत फाटतं.

पट्ट्याच्या टोकाला चौकोन शिवून त्यात फुली मारा आणि आतल्या बाजूला हातभर लांबरुंद नवं कापड लावा, म्हणजे ओढ एका जागी येत नाही. ठिगळाचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा उसवतो. फाटलेल्या जागेच्या चारही बाजूंनी ठिगळ दोन-दोन बोटं पुढे जाऊ द्या. पाणी अडवणारं ब्लँकेट असेल तर शिवणीवर आतून शिवणबंद डिंक लावायचा आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी त्या जागेचा खोलगट द्रोण करून तांब्याभर पाणी ओता, दहा मिनिटांनी खालून हात फिरवा. हात कोरडा राहिला तरच गिऱ्हाइकाला फोन.

गाठ नेहमी बाहेरच्या बाजूला. हे एवढंसं वाटतं. दोऱ्याची ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आत राहिली, आणि घोड्याची आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर आली, की रात्रभरात केस जातात आणि चार दिवसांत जखम. मी अस्तर शिवून झालं की डोळे मिटून उलट्या तळहाताने सगळं चाचपतो. पालथ्या हाताची कातडी नाजूक असते, तिला जे टोचतं ते घोड्याला टोचणारच. वरातीच्या झुलींत तर हमखास सापडतं: टिकल्यांचे मागचे दोरे, लाइटच्या माळेची तार. तिथे खाली पूर्ण सुती अस्तर घातल्याशिवाय मी झूल परत देत नाही. मालक कुरकुरतात. एकदा त्यांच्या घोडीच्या पाठीवरून हात फिरवून दाखवला की गप्प होतात.

खांद्याला केस उडालेले असतील तर तो बहुधा मापाचा दोष असतो. ब्लँकेटाचं माप छातीच्या मधल्या हाडापासून बाजूने शेपटीच्या मुळाच्या रेषेपर्यंत घेतात. दोन-तीन इंचांनी लहान असलं की पुढे ओढलं जातं आणि खांदे घासतात. तिथे साटीनचं अस्तर लावून निभतं, फार लहान असेल तर परत पाठवा. पट्ट्यांची ढील ठरलेली: पोटाखाली चार बोटं जातील एवढी, मांडीपट्ट्यात मूठ जाईल एवढी. हे मला महागात पडून कळलं. एकाच्या घोडीचा पोटपट्टा नवा लावला आणि "तुम्ही घाला हवा तेवढा आवळून" म्हणून वीतभर लांब सोडला. घोडी रात्री बसली, उठताना मागचा खूर त्यात अडकला. ब्लँकेट फाटलं ते फाटलं, गुडघ्याखालची कातडी सोलली. पशुवैद्यकाचे पैसे मी दिले, देणंच होतं. आता पट्टा लावला की घोडीचा वावर असेल तिथे जाऊन स्वतः घालून बघतो. गाव लांब असेल तर मालकाला फोटो काढून पाठवायला सांगतो.

काही कामं नाकारायला शिका. आतला थर चिकट होऊन सालपटं निघायला लागली असतील, हाताला डिंकासारखं लागत असेल, तर त्यावर उपाय नाही. कितीही औषध लावा, पहिल्याच दवात पाणी शिरतं. अशा ब्लँकेटाची बक्कलं, कड्या, चांगल्या पट्ट्या काढून घ्या, चार-पाच रुपये द्या हवे तर, सुट्या भागांचा डबा भरतो. खोगीरभरती म्हणतात ती इथे अक्षरशः करता येते, त्यातला कापूस जुन्या खोगिराच्या गादीला चालतो. फक्त धुतलेला हवा.

दराचं सांगतो. कापडाकडे बघून आकडा बोलू नका. तुमच्या हाताचा तास किती रुपयांचा ते ठरवा. समजा 120. धुण्याला हाताचा वेळ एक तास, तीन पट्टे आणि एक ठिगळ याला दीड तास, माल 90 रुपयांचा. 300 आणि 90, झाले 390. त्यात पाणी, वीज आणि मशीनची झीज म्हणून थोडं. माझा एक नियम आहे: तसंच नवं ब्लँकेट 2,400 ला मिळत असेल तर दुरुस्ती 800 च्या वर गेली की मी गिऱ्हाइकाला नवं घ्यायला सांगतो. एक काम जातं, माणूस टिकतो. निम्मे पैसे आधी घ्या, नाहीतर दुसऱ्या वर्षी तुमच्याकडे न नेलेल्या ब्लँकेटांची थप्पी आणि त्यात उंदरांचं बिऱ्हाड असेल. वस्तू घेतानाच तिचे चारही बाजूंनी फोटो काढा आणि कापडी नंबर टाचा. सगळी निळी ब्लँकेटं सारखीच दिसतात, आणि "माझ्या बक्कल पितळी होत्या" हे भांडण फोटोशिवाय मिटत नाही.

भांडवलात मशीन सोडलं तर फार काही नाही. हौद, बांबू, दोरा, नवारीचा गठ्ठा, बक्कल-कड्या. लोखंडी बक्कल घेऊ नका, घामाने एका हंगामात गंजतं आणि गंजाचे डाग अस्तरावर उतरतात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. पीएम विश्वकर्मा योजना 2023 साली सुरू झाली, तिच्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात 5 टक्के व्याजाने 1 लाखापर्यंत कर्ज मिळू शकतं. एका घरातून एकालाच, म्हणून आईचं नाव आधी घातलंय का ते बघा.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे लोकांना वेळेवर आणायला लावणं. सारंगखेड्याला ट्रक निघायच्या आदल्या दिवशी दहा जण दारात उभे असतात, सगळ्यांना आजच हवं. वरातीमागून घोडं म्हणतात तसं हे घोड्यामागून ब्लँकेट. मी आता फाल्गुनात, थंडी संपली की जुन्या गिऱ्हाइकांना फोन करतो: तेव्हा आणलंत तर धुणं निम्म्या दरात, आणि धुऊन, कडुनिंबाचा पाला घालून, पोत्यात बांधून देतो. मळकं ठेवलेलं ब्लँकेट पावसाळ्यात बुरशी धरतं, लोकरीला कसर लागते. दहातले चार जण ऐकतात. त्या चारांमुळे उन्हाळ्यात हातात काम राहतं.

आणि एक, हे सांगितल्याने माझाच धंदा कमी होईल, पण सांगतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 8-10 अंशांवर येतो आणि दुपारी 28-30 वर जातो. अंगावर हिवाळ्याचे केस आलेल्या, पोटभर चारा मिळणाऱ्या निरोगी घोड्याला कोरड्या, वारा अडलेल्या जागेत एवढ्या थंडीला ब्लँकेट लागत नाही. कडबा पोटात गेला की तो पचताना आतून ऊब देतो. ब्लँकेट खरं लागतं ते म्हाताऱ्या, आजारी, खंगलेल्या घोड्याला, केस कापलेल्याला आणि उघड्या ट्रकमधून रात्रीचा प्रवास करणाऱ्याला. बाजारात बहुतेक जण घालतात ते केस आखूड आणि चकचकीत राहावेत म्हणून, तेही ठीक. पण सकाळी नऊला काढायला विसरलेलं ब्लँकेट आणि घामाने ओल्या अंगावर टाकलेलं ब्लँकेट, या दोन गोष्टींनी जेवढी घोडी बिघडलेली मी पाहिली तेवढी थंडीने नाही. परत देताना गिऱ्हाइकाला हे तोंडाने सांगा. मी पावतीच्या मागे शिक्काच मारतो.

सुरुवात मामांच्या दोन झुलींवर करा. आधी त्या स्वतः उसवा, आत काय काय भरलंय ते बघा, माप लिहून ठेवा. शिवून दिल्यावर मामांकडून पूर्ण पैसे घ्या आणि पावती फाडा. वरातवाले एकमेकांना दर विचारतात, मामांनी "भाच्याने फुकट दिलं" म्हटलं की पुढच्या चौघांना तुम्ही कितीही सांगितलं तरी महागच वाटाल.